बाळंत न झालेल्या बाईचं बाळंतपण

"हात सैल सोड गं. हात आहे तुझा, सासऱ्याची मूठ नव्हे."

हे वाक्य ती सासऱ्याच्या कानावर पडेल एवढ्या मोठ्याने म्हणायची. कल्याणच्या आमच्या घरात पुढे दुकान आणि मागे माजघर, मध्ये नुसता गोणपाटाचा पडदा. पडद्यापलीकडे मामंजी गादीवर बसलेले आणि अलीकडे ही माझा पंजा गुडघ्यांत धरून, बोटांची मुळं दाबून दाबून पुरणासारखा मऊ करीत बसलेली. पलीकडून मामंजींचं खाकरणं आलं की ती माझ्याकडे बघून म्हणे, "ऐकू गेलं वाटतं. बरं झालं, पुन्हा सांगायला नको." आणि मला हसू फुटलं की त्याच क्षणी बांगडी सर्रकन मनगटात. हसणाऱ्या बाईचा हात मऊ पडतो, हे तिचं सगळं शास्त्र.

तिचं नाव मला ठाऊक नाही. कल्याणात तिला कासारीण म्हणत, ठाण्यातही कासारीणच म्हणत. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "ठेवलं होतं कुणीतरी नाव. पण त्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नाही. तू कासारीण म्हण, मी ओ देते."

तुमच्याही गावात अशी एखादी असेल. बुटकी, रुंद, मिश्रीने दात काळे केलेली, डोक्यावर बांगड्यांचा हारा. कल्याणहून ठाण्याला ती आगगाडीने जाई आणि डोंबिवलीकडची खाडीकाठची गावं पायी करी. डोंबिवली तेव्हा नुसतं खेडं होतं. जिथे वैद्यालाही ओसरीवर थांबावं लागे तिथे ही थेट चुलीपर्यंत जायची, आणि जिचा हात हाती घेईल तिची सगळी हकीकत त्या हातातूनच काढून घ्यायची. बांगडी कोपराकडे घसरायला लागली की त्या बाईला घरात पोटभर मिळत नाही. मागच्या खेपेचा घेर अडकला की पोटुशी आहे. आमच्या आळीतल्या एका सुनेला तिने ही बातमी सासूसमोर दिली, तेव्हा त्या सुनेला स्वतःलाही ती ठाऊक नव्हती.

बांगडी फुटली असं बायका म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. ही मात्र सरळ फुटली म्हणायची. सगळ्याजणी कानांवर हात ठेवायच्या.

"काच आहे ती. फुटते," ती म्हणे. "वाढतात ती पोरं."

"अगं, देवाला तरी भी!"

"देव पुरुषमाणूस. त्याला बिचाऱ्याला बांगड्यांतलं काय कळतंय?"

देव पुरुषमाणूस, हे तिचं सगळ्याच गोष्टींवरचं उत्तर होतं. नवस, उपास, मुहूर्त, बाळंतपण, कशाचाही विषय निघो. ती देवावर रागावलेली नव्हती. घरातल्या एखाद्या भाबड्या दिरावर जसा आपण फार भार टाकत नाही, तशी ती देवावर टाकत नसे.

आता आमच्या घराचं सांगते. आमचे लोक मूळचे मिठागरातले. मामंजींच्या वडिलांनी खाडी सोडून कल्याणात मीठ-तांदळाचं दुकान घातलं. पुढे ठाण्यालाही एक दुकान झालं, ते थोरले भाऊजी आणि थोरल्या जाऊबाई सांभाळत. धाकट्या पातीचे आम्ही कल्याणात. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. माझ्या घरच्यांना बायकोला अक्षरं शिकवायची हौस होती. मी पोथी वाचीन असं त्यांना वाटलं होतं. मी हे लिहिते आहे.

मला दोन मुलगे आणि अंगावर पिणारी एक मुलगी. थोरल्या जाऊबाईंची कूस कोरडी. मामंजींनी हिशेब सोपा केला. इकडे दोन, तिकडे एकही नाही. तर धाकटा नातू थोरल्याला दत्तक द्यायचा. भटजींना विचारून झालं, भटजींनी मान डोलावून झाली. मला कुणी विचारलं नाही, आणि थोरल्या जाऊबाईंनाही नाही. माझा धाकटा तेव्हा चार वर्षांचा, माझ्या पदराची गाठ तोंडात धरल्याशिवाय न झोपणारा.

कासारणीला हे मी सांगितलं नाही. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "जेवत नाहीस. कोण मेलं?"

मी रडत रडत सांगितलं. तिने माझ्या हातात एकही बांगडी न भरता हारा उचलला आणि ठाण्याची गाडी धरली. दोन दिवसांनी परतली.

"तुझ्या जावेलाही नकोय तो," ती म्हणाली.

मला रागच आला. "का नकोय? काय वाईट आहे माझ्या मुलात?"

"बघ, द्यायचाही नाही आणि नको म्हटलेलंही खपत नाही!" ती पोट धरून हसली. मग हळू आवाजात म्हणाली, "ती म्हणते, दुसरीच्या पदरातून ओढून आणलेलं पोर मी मांडीवर घेतलं, तर ते माझ्याकडे बघून आयुष्यभर दाराकडे मान वळवील. मोठी शहाणी बाई आहे. फक्त बोलत नाही, म्हणून तुम्हाला खुळी वाटते."

थोड्याच दिवसांत मामंजींनी मला मुलांसकट ठाण्याला पाठवलं, धाकट्याला त्या घराची सवय व्हावी म्हणून. त्याला सवय झाली नाही. तो माझा पदर धरून घरभर माझ्यामागे फिरे. थोरल्या जाऊबाई त्याला लाडू देत आणि लगेच दूर होत, जणू तो लाडू त्यांनी चोरून आणला होता.

एका दुपारी कासारीण आली. डोक्यावर हारा होता आणि पाठीला झोळी. हारा उतरवून ठेवला, झोळी सोडली, आणि झोळीतून एक पोर काढलं. महिन्याभराचं असेल. एवढंसं तोंड, खारवलेल्या मासळीसारखं सुरकुतलेलं.

"धर जरा," ती जाऊबाईंना म्हणाली. "हिचे हात भरायचेत मला."

जाऊबाईंनी धरलं. नाही म्हणायला वेळच मिळाला नाही.

आणि मग त्या बाईने, जी बोलता बोलता दोन्ही हात भरून मोकळी होते, माझे हात भरायला दुपार लावली. हिरव्या चढवल्या, उतरवल्या. निळ्या चढवल्या. "छे, तुला निळा शोभत नाही." पुन्हा हिरव्या. मी म्हटलं, "अहो, या चांगल्या आहेत." "तुला काय कळतंय? गप बस." घेर मोठा, घेर लहान, काच जाड, काच पातळ. माझी मनगटं लाल झाली. तिचं लक्ष माझ्या हातांकडे नव्हतंच.

जाऊबाई आधी अवघडून, दोन्ही हात पुढे ताणून बसल्या होत्या, तापलेलं पातेलं धरल्यासारख्या. मग हात दुखले म्हणून पोर जवळ घेतलं. मग मान सांभाळायला कोपर खाली आणलं. मग एक पाय हलायला लागला. त्यांचा तो पाय हलतोय हे त्यांना माहीत नव्हतं.

"कुणाची?" त्यांनी विचारलं.

"मिठागरातल्या एकाची. बाई बाळंतपणात गेली. घरात आणखी तिघं आहेत आणि तो दिवसभर मिठाच्या कामावर. जात विचारशील म्हणून आधीच सांगते, तुमचीच आहे. नाक मुरडायला जागा ठेवली नाही."

"भूक लागली की काय करते ही?"

"बोंबलते."

"मग?"

"मग दूध असलेली बाई शोधायची. आजवर तेच करतेय मी. आज शोधायला नको, ही काय समोर बसलीय, हात भरून."

त्याच वेळी पोर उठलं आणि बोंबललं. मी तिला पाजायला घेतलं. जाऊबाई समोर उभ्या राहिल्या, आणि ते पोर पीत होतं तेवढा वेळ हात तसेच पुढे धरून राहिल्या. पिऊन झाल्यावर मी मूल परत दिलं. कासारीण हारा बांधायला लागली.

"ही राहू दे आज इथे," जाऊबाई म्हणाल्या. "उन्हात कुठे नेतेस?"

बाहेर चांगलं ढगाळलेलं होतं.

थोरल्या भाऊजींना तपकिरीचं भारी वेड. ते दुकानातून आत आले, पोराकडे वाकून पाहिलं आणि पोर शिंकलं. भाऊजींनी डबी कनवटीला लावली. त्या दिवसापासून त्यांनी तपकीर दुकानातच ओढली, घरात नाही. या प्रकरणात त्यांचा होकार म्हणतात तो एवढाच झाला.

पण पोर घरात घेणं सोपं. पुढचे दिवस कठीण. आठवड्याभरात जाऊबाईंचे डोळे खोल गेले. पोर कळवळून रडे, जाऊबाई तिच्याबरोबर रडत, आणि मध्येच म्हणत, "हिला कळतंय मी तिची आई नाही ते." मी तोंडाने धीर देत होते, पण माझ्याच अंगावर दोन पोरं पीत होती आणि धाकटा पदराला होता. शेवटी कासारणीला निरोप धाडला.

ती आली, जाऊबाईंकडे बघितलं आणि माझ्यावर डाफरली. "बाळंतिणीला अशी कामाला जुंपलीय? लाज वाटते का?"

"बाळंतीण कोण?"

"ही कोण मग?"

आणि तिने माजघराच्या कोपऱ्यात बाज टाकली. जाऊबाईंना तिच्यावर निजवलं. कानांना फडकं बांधलं. बाजेखाली शेगडी सरकवली, तिच्यात ओवा आणि वावडिंग टाकलं, सगळ्या घरात धूर. मला डिंकाचे लाडू वळायला बसवलं. अळिवाची खीर, बाळंतशोपा, सगळं सगळं. जाऊबाई धुरातून म्हणत होत्या, "अगं, मी काही बाळंत झालेली नाही!"

"झोप मोडलीय का?"

"हो."

"कंबर दुखतेय?"

"हो."

"रडू येतंय, आणि का येतंय ते कळत नाही?"

जाऊबाई रडायला लागल्या.

"मग बाळंतपण आणखी कशाला म्हणतात? पोटातून आलं काय आणि झोळीतून आलं काय, पोर घरात आलं की बाई मोडते. तिला सांधावी लागते. लाडू खा."

शेजारणी बघायला आल्या. पदर तोंडाला लावून हसायला आल्या होत्या, हे मी पैजेवर सांगते. कासारणीने एकीलाही हात हलवत परत जाऊ दिलं नाही. जी अंगावर पाजत होती तिची सकाळची पाळी ठरवली, दुसरीची संध्याकाळची. जिच्याकडे शेळी होती तिच्याकडून शेळी बांधून घेतली. जिच्याकडे काहीच नव्हतं तिला म्हणाली, "तू ये आणि नुसती बस. पोर धर, म्हणजे ही तेवढा वेळ डोळा मिटील. आणि ज्ञान पाजळू नकोस." त्या बाईला ज्ञान पाजळल्याशिवाय राहवत नसे. पण ती आली, आणि तोंड मिटून बसली. ठाण्याच्या त्या आळीत या गोष्टीची चर्चा पोर घेण्यापेक्षा जास्त झाली.

पाचवीची पूजा मांडायची म्हणाली तेव्हा मात्र मीच म्हटलं, "अहो, पोर दीड महिन्याचं झालं. सटवाई येऊन, कपाळी लिहून, केव्हाच गेली."

"तेव्हा लिहिलं ते मिठागरातल्या खोपटातलं लिहिलं," ती म्हणाली. "आता घर बदललंय. म्हणावं, ये पुन्हा आणि खोडून नीट लिही. सटवाई बाईमाणूस आहे, तिला समजेल."

पूजा झाली. बारसं झालं. नाव गोदी ठेवलं. आणि बारशाच्या दिवशी, कुणीतरी कळवल्यामुळे, मामंजी कल्याणहून येऊन थडकले.

ते ओट्यावर चपला काढतानाच ओरडत होते. मुलगी दत्तक होत नाही, शास्त्रात नाही, उद्या मेल्यावर थोरल्याला पाणी कोण देणार, पिंड कोण देणार! आत सगळ्या बायका भिंतीकडे सरकल्या. जाऊबाई बाजेवर, कानाला फडकं बांधलेल्या, पोराला पदराखाली झाकून. मला वाटलं, संपलं.

कासारीण पाळण्याची दोरी हातात घेऊन दारात उभी राहिली. "शेट, पिंड मेल्यावर लागतो ना?"

"मग?"

"मेल्यावर. आणि मरायच्या आधी पडून असतो माणूस दोन-चार वर्षं, तेव्हा पाणी कोण देतो? तुमच्या वडलांना कोण देत होतं?"

मामंजींच्या वडिलांची शेवटची तीन वर्षं सेवा केली ती मामंजींच्या बहिणीने, हे सगळ्या कल्याणाला ठाऊक होतं.

"पोरगी ठेवा," मामंजी म्हणाले. "पण दत्तक नातूच घ्यायचा. ते मी सोडणार नाही."

"नका सोडू," ती म्हणाली. "मुहूर्त बघा चांगला."

आणि मुहूर्त काही लागेना. त्या साली सिंहस्थ निघाला. पुढे अधिक महिना. मग कुणाचं तरी सुतक. एकदा तर शेजारच्या गोठ्यातली म्हैस व्यायली, तर ही मामंजींना म्हणाली, "सोयर आहे शेट, आता कसं करणार?" मामंजी म्हणाले, "म्हशीचं सोयर मला?" तर म्हणे, "दूध पिता ना तिचं? मग घरचीच ती." तोवर गोदी रांगायला लागली होती आणि मामंजी ठाण्याला आले की त्यांच्या मिशा धरून उभी राहायला शिकत होती. मिशा गोदीच्या मुठीत असताना माणसाला दत्तकाचा विषय काढता येत नाही. माझा धाकटा माझ्याकडेच राहिला.

आता वाटतं तितकं सगळं हसण्यावारी गेलं नाही. तेही सांगायला हवं.

गोदी तीन वर्षांची झाली आणि एक दिवस ठाण्याच्या ओट्यावर एक माणूस येऊन बसला. मी तेव्हा दिवाळीला म्हणून गेले होते. उन्हाने रापलेला, पायांना मिठाने भेगा पडलेल्या, हातात सुक्या बोंबलांची जुडी. जाऊबाईंनी पाणी दिलं. तो पाणी प्यायला आणि म्हणाला, "माजी पोर न्याया आलोय."

जाऊबाईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"कासारीण बोलली व्हती मना," तो म्हणाला. "तीन पावसालं पोसतील, मंग दितील. मी दुसरं लगीन केलंय. आता घरान बाईमानूस हाय. पोर नेतो."

जाऊबाईंना तिने काय सांगितलं होतं, ते मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. "तो आता येत नाही. पोर तुझी." असं.

गोदी आत खेळत होती. जाऊबाई आत गेल्या आणि त्यांनी दाराला पाठ लावली. तो माणूस जागचा हलला नाही. भाऊजींनी त्याला जेवायला विचारलं, तो नको म्हणाला. मीच तिला आळी-आळीत शोधायला कल्याणला माणूस पाठवला, आणि दुपारच्या गाडीने कासारीण आली. तिने ओट्यावर त्याला पाहिलं आणि डोक्यावरचा हारा उतरवून ठेवला.

"बोलले होते," ती म्हणाली. "दोघांशी खोटं बोलले."

"का?" तो ओरडला.

"कायमची दे म्हटलं असतं तर तू दिली नसतीस. परत द्यावी लागेल म्हटलं असतं तर हिने घेतली नसती. आणि पोर पंधरा दिवसांत गेली असती, तुझ्या बायकोच्या मागोमाग. मला एवढंच सुचलं. पुढचं पुढे बघू म्हटलं. आता हे पुढचं आलं."

त्याने तिला शिव्या दिल्या. मिठागरातल्या शिव्या, त्या मी लिहीत नाही. आणि मग दार उघडलं आणि जाऊबाई बाहेर आल्या. ज्या बाईचा आवाज आम्ही कधी चढलेला ऐकला नव्हता, ती बाई कासारणीवर अशी ओरडली की दुकानातलं गिऱ्हाईक ओट्यापाशी जमलं.

"तीन वर्षं माझ्या घरी जेवलीस! माझ्या पोरीचे हात भरलेस! रोज रात्री मी तिला थोपटत होते, आणि तुला ठाऊक होतं हा येणार आहे! माझं बाळंतपण केलंस म्हणे. बाळंतपण करणारी अशी गळा कापते?"

कासारीण ओट्यावर हाऱ्याशेजारी खाली बसली.

एवढ्या आरडाओरड्यात गोदी बाहेर आली होती. तिला ना बाप दिसला ना भांडण. तिला बोंबील दिसले. ती सरळ त्या माणसासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मला दे."

त्याने जुडी सोडायचा प्रयत्न केला, त्याला गाठ सुटेना. तो तिच्या हनुवटीकडे बघत होता.

"आयेसची हनवटी हाय," तो म्हणाला. कुणाला उद्देशून नाही. मग गोदीला विचारलं, "जेवतस गो नीट?"

"जेवते. आई मला भात कालवून देते. तुझ्या पायाला काय झालं?"

"मीठ लागलाय."

"आई तेल लावते. आई, याला तेल लाव."

तो माणूस दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागला. गोदी घाबरून जाऊबाईंना जाऊन बिलगली. तिने मान वळवली ती त्यांच्या पदरात, दाराकडे नाही. ते त्यानेही पाहिलं, मीही पाहिलं.

"राहू दे हिला हितंच," तो शेवटी म्हणाला. "पन मना बगाया येऊ द्या."

आम्ही सगळे कासारणीकडे बघत होतो; अशा वेळी तीच काहीतरी काढते. पण बोलल्या त्या जाऊबाई.

"मला भाऊ नाही," त्या म्हणाल्या. "दिवाळी तोंडावर आहे. भाऊबीजेला ये. दरवर्षी ये. ओट्यावर नको बसूस, आत ये. ही तुला मामा म्हणेल." आणि मग कासारणीकडे वळून, "तू ऊठ इथून."

ती उठली. हारा डोक्यावर घ्यायला कुणीतरी हात लावावा लागतो. कुणी लावला नाही. शेवटी त्या मिठागरवाल्यानेच लावला, आणि हारा डोक्यावर बसल्यावर तिला आणखी एक शिवी दिली.

जाऊबाईंनी तिच्याशी बोलणं टाकलं. बांगड्या दुसऱ्या कासाराकडून भरायला लागल्या, आणि त्याच्या हातून दरवेळी दोन-तीन फुटत. कासारीण ठाण्याला येई, आळीतली सगळी घरं करी, आणि जाऊबाईंच्या ओट्यापाशी थोडी रेंगाळून पुढे जाई. मला म्हणाली, "बरोबर आहे तिचं. तिच्या जागी मी असते तर मलाच झोडपलं असतं." आणि लगेच, "पण पोर जगली ना?" यातलं कुठलं वाक्य तिला खरं वाटत होतं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. बहुधा दोन्ही.

वर्ष उलटून गेलं. आळीच्या टोकाच्या एका बाईने आपल्या मेलेल्या बहिणीचं पोर आणलं. आठवड्यातच त्या बाईची दशा झाली. ते ऐकून जाऊबाई उठल्या, डिंक-खोबरं बांधून घेतलं आणि त्या घरी गेल्या. बघतात तर बाज टाकलेली, शेगडी पेटलेली, सगळीकडे ओव्याचा धूर आणि धुरात कासारीण, लाडवांचा पाक चुकवून बसलेली. लाडू तिला कधीच साधले नाहीत.

"सर बाजूला," जाऊबाई म्हणाल्या. वर्षभरानंतरचे हे पहिले शब्द.

ती सरली. दोघी शेजारी बसून लाडू वळायला लागल्या. निम्मी परात झाल्यावर जाऊबाईंनी विचारलं, "हिला खरं सांगितलंस ना सगळं?"

"सांगितलं," ती म्हणाली. "अवघड गेलं. सवय नाही."

गोदीच्या लग्नात मामाच पोरीला बोहल्यावर घेऊन आला, कारण ते काम मामाचंच. नवं धोतर त्याला आवरत नव्हतं आणि पोरीचा हात त्याने असा धरला होता, जसं काय वाऱ्याने उडून जाईल. मांडवात माझ्या कानाशी लागून कासारीण म्हणाली, "बाप म्हणून राहिला असता तर व्याह्यांच्या पाया पडत फिरला असता नुसता. मामा झाला म्हणून पोरीचा हात तरी हातात आला." आणि तिने पदराने नाक पुसलं. अक्षता डोळ्यांत गेल्या म्हणाली. अक्षता अजून वाटायच्या होत्या.

त्यानंतर काही वर्षांनी गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला. कल्याण ओस पडलं. आम्ही दुकानाला कुलूप घालून गावाबाहेर माळावर झोपड्या बांधून राहिलो. त्याच तापात ती गेली, असं पुढे कळलं. कुठे, कुणाजवळ, ते धड कुणी सांगू शकलं नाही. आम्हाला तिचं घरच ठाऊक नव्हतं, मग जाऊन रडणार तरी कुठे?

मी तिला शेवटची पाहिली ती त्या माळावर. सकाळची वेळ. पायवाटेने एक बुटकी म्हातारी लगबगीने येत होती. मी ओळखलं नाही. डोक्यावर हारा नव्हता. हाऱ्याशिवाय ती कुठल्याही म्हातारीसारखी दिसत होती, केस विरळ, मान थोडी पुढे आलेली. जवळ आली तेव्हा दिसलं, पाठीला झोळी होती.

"इकडे कशाला आलात?" मी ओरडले. "ताप आहे सगळीकडे!"

"ताप आहे म्हणूनच पोरं उरलीयत," ती म्हणाली. "दूध येतंय का कुणाला तुमच्या झोपड्यांत?"

मी बोट दाखवलं. चौथी झोपडी, आमच्या जुन्या शेजाऱ्यांची सून, नुकतीच बाळंत झालेली. ती तिकडे गेली. दाराशी काहीतरी घासाघीस झाली, आतून कुणीतरी नाही नाही म्हणत होतं आणि तिचा आवाज त्याच्यावर चढत होता. मग ती आत शिरली. थोडा वेळ पोराचं रडणं ऐकू येत राहिलं, आणि मग पिणाऱ्या पोराचं थांबतं तसं एकदम थांबलं.

ती बाहेर आली तेव्हा झोळी रिकामी होती. तिने ती झटकली, घडी घालून काखेत मारली, आणि पुढच्या झोपड्यांकडे चालू लागली.